खुनी ठाऊक, साक्षीदार बाद

१८५३ साली कॅलिफोर्नियातल्या नेवाडा काउंटीत, सोन्याच्या पट्ट्यात, लिंग सिंग नावाच्या एका चिनी खाणकामगाराचा खून झाला. आरोपी जॉर्ज हॉल, गोरा माणूस. साक्षीदारांच्या जबान्या झाल्या, ज्यूरीने हॉलला दोषी ठरवलं, फाशी सुनावली गेली. गूढ म्हणावं असं यात काही नव्हतं. मग १८५४ मध्ये प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि शिक्षा रद्द झाली, कारण साक्षीदार चिनी होते. काळ्या आणि ‘इंडियन’ म्हणजे अमेरिकेतल्या मूळनिवासी माणसाने गोऱ्याच्या खटल्यात साक्ष देऊ नये असा राज्याचा कायदा होता. सरन्यायाधीश ह्यू मरे यांनी थेट कोलंबसापर्यंत मागे जाऊन चिन्यांनाही त्याच कलमात बसवलं. खुनी ठाऊक, प्रेत ठाऊक, आणि तरी कायद्याच्या दृष्टीने खून कोणी केला हे सांगणारा कोणी उरला नाही. सोन्या-चांदीच्या शोधात रातोरात उभ्या राहिलेल्या गावांवर ऐतिहासिक रहस्यकादंबरी लिहायची, तर हे प्रकरण आधी समोर ठेवावं लागतं. नेहमीच्या रहस्यकथेत ‘कोणी मारलं’ या प्रश्नावर तीनशे पानं तोलून धरलेली असतात. खाणगावात तो प्रश्न बहुधा दुय्यम असतो. तिथला खरा पेच असा, की कोणाची साक्ष ग्राह्य, कोणाचा कागद खरा, आणि हे ठरवायचा अधिकार कोणाला. ज्या कादंबऱ्यांनी हा पेच ओळखला त्या टिकण्याजोग्या झाल्या. ज्यांना तो दिसला नाही, त्यांच्यात खाणगाव नुसता पडदा म्हणून मागे टांगलेला राहिला.

लेखकांना हे गाव भुरळ का घालतं ते समजायला कठीण नाही. सगळे परके, निम्म्यांची नावं खोटी, प्रत्येकाच्या मागे सोडून आलेलं काहीतरी. पैसा अचानक येतो आणि तोही असा, की खिशात मावावा, वितळवला की ओळख पुसली जावी. कोलोरॅडोतलं लेडव्हिल घ्या. दहा हजार फुटांहून उंच, १८७७ मध्ये जेमतेम काही शे वस्ती. १८८० च्या शिरगणतीत तिथे जवळपास पंधरा हजार माणसं मोजली गेली. त्याआधी वीस वर्षं त्याच दरीत सोनं धुणारे लोक एका जड काळ्या वाळूला शिव्या घालत होते, कारण ती पन्हळीत साचून काम अडवायची. ती वाळू शिशाची होती आणि तिच्यात चांदी होती, हे कळायला सत्तरचं दशक उजाडलं. माणसं ज्याच्यावर पाय देऊन गेली तेच धन निघालं, याहून चांगलं कथाबीज कोणाला हवं? पण भुरळीत सापळाही आहे. रहस्यकथेचा घाट बसलेल्या समाजात घडला. पोलीस आहेत, शवचिकित्सा आहे, मालमत्तेच्या नोंदी आहेत, शेजारी पिढ्यांपासून ओळखीचे आहेत. गुन्हा घडतो म्हणजे ही घडी विस्कटते, गुप्तहेर ती पुन्हा बसवतो. खाणगावात घडीच अजून पडलेली नसते. जमीन कोणाची हे काल ठरलेलं, न्यायाधीश परवा आलेला, आणि त्याचा जामीन राहील असा माणूस दारूच्या गुत्त्याचा मालक. अशा ठिकाणी लंडनच्या धुक्यातला गुप्तहेर आणून उभा केला, तर तो कोणती घडी बसवणार?

प्रत्यक्ष इतिहासात याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटचं आहे, आणि त्यावर जरा थांबायला हवं. ६ ऑक्टोबर १८५४ ची रात्र. जेम्स स्कोबी नावाचा स्कॉटिश खाणकामगार आणि त्याचा मित्र, दोघं प्यालेले, बंद झालेल्या युरेका हॉटेलच्या दारावर थापा मारतात. आतून शिवीगाळ होते, ते निघतात, आणि थोड्याच वेळात काही जण मागून येऊन त्यांना गाठतात. डोक्यावर घाव बसून स्कोबी मरतो. संशय हॉटेलचा मालक जेम्स बेंटली याच्यावर. हा बेंटली एके काळी टास्मानियात शिक्षा भोगलेला कैदी, आता पैसेवाला, आणि स्थानिक न्यायदंडाधिकारी जॉन ड्यूस त्याचा मित्र. चौकशी झाली, ड्यूस न्यायासनावर होता, आणि बेंटली सुटला. १७ ऑक्टोबरला हजारो खाणकामगार जमले आणि हॉटेल जाळून टाकलं. गव्हर्नरने घाबरून पुन्हा खटला भरवला. बेंटली आणि आणखी दोघांना सदोष मनुष्यवधासाठी शिक्षा झाली, ड्यूसची नोकरी गेली. पण तोवर प्रश्न खुनाचा राहिलाच नव्हता. सोनं मिळो न मिळो, दरमहा शुल्क भरून परवाना घ्यावा लागे, आणि पोलीस शिकारीला निघावं तसे परवाने तपासत फिरत. स्कोबीच्या प्रेतावरून लोकांना जे उमगलं ते हे, की परवाना मागणारे आणि खुन्याला सोडणारे एकच. ३ डिसेंबरच्या पहाटे सैन्याने खाणकामगारांनी उभारलेल्या युरेकाच्या तटबंदीवर हल्ला केला, वीसहून अधिक खाणकामगार मेले. पुढच्या वर्षी तेरा जणांवर राजद्रोहाचे खटले चालले आणि तेरांनाही ज्यूरीने सोडून दिलं. मासिक परवाना जाऊन वर्षाला एक पौंडाचा खाणहक्क आला, त्यासोबत मतदानाचा अधिकार आला. एका दारुड्याच्या खुनाची चौकशी नीट झाली नाही, एवढ्यावरून एका वसाहतीच्या राज्यकारभाराची दिशा बदलली. स्कोबीवरचा घाव नेमका कोणाच्या हातचा, हे विचारायचं या सगळ्यात कोणाच्या ध्यानीमनी राहिलं नाही.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या डेडवुड या खाणगावाचं, आणि ते अधिक चमत्कारिक आहे. २ ऑगस्ट १८७६ रोजी जॅक मॅककॉलने वाइल्ड बिल हिकॉकला गुत्त्यात पत्ते खेळताना, भरल्या खोलीत, मागून गोळी घातली. दुसऱ्याच दिवशी खाणकामगारांनी आपसात कोर्ट भरवलं आणि त्याला निर्दोष सोडलं. मॅककॉल पुढे स्वतःच्याच बढाईमुळे पुन्हा पकडला गेला, यँक्टनला त्याच्यावर नव्याने खटला चालला, आणि १ मार्च १८७७ ला त्याला फाशी झाली. एकाच गुन्ह्यासाठी माणसावर दोनदा खटला चालवता येत नाही, हे अमेरिकेच्या राज्यघटनेतलं तत्त्व. मग हा दुसरा खटला चालला कसा? कारण सरकारचं म्हणणं पडलं, की डेडवुडचं कोर्ट हे कोर्टच नव्हे. डेडवुड ज्यात येतं तो ब्लॅक हिल्सचा प्रदेश १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहानुसार सू या मूळनिवासी लोकांचा होता. तिथे गोऱ्यांनी वसवलेलं गावच बेकायदा, तर त्या गावाचा निवाडा कुठून कायदेशीर असणार? म्हणजे मॅककॉलला फासावर चढवायचं म्हणून सरकारने एवढं कबूल केलं की सारं गाव चोरीच्या जमिनीवर उभं आहे. गाव मात्र उठवलं नाही. पीट डेक्स्टरची १९८६ ची ‘डेडवुड’ ही कादंबरी आणि नंतरची दूरचित्रवाणी मालिका, दोन्ही रूढ अर्थाने रहस्यकथा नाहीत, पण मालिकेत पात्रं सतत ज्या चिंतेत दिसतात ती हीच: आपले खाणीचे हक्क उद्या कोणी मानील का?

आता साहित्याकडे. खाणगावातली गुन्हेकथा ही कोणा आधुनिक लेखकाची टूम नाही. मेरी फॉर्च्यून ही आयर्लंडमध्ये जन्मलेली बाई १८५५ मध्ये व्हिक्टोरियाच्या सोन्याच्या वस्त्यांत आली, पोलिसाशी लग्न केलं, ते फार टिकलं नाही, आणि मुलगा पुढे तुरुंगाच्या वाऱ्या करणारा निघाला. तिने ‘ऑस्ट्रेलियन जर्नल’मध्ये टोपणनावाने सुमारे चाळीस वर्षं गुन्हेकथा लिहिल्या, त्यांची संख्या पाचशेच्या वर जाते. कायद्याच्या दोन्ही बाजू एकाच घरात पाहिलेली दुसरी लेखिका त्या काळात सापडणं कठीण. तिच्या कथांतला पोलीस तंबूंच्या वस्तीत तपास करतो, जिथे माणूस नाहीसा झाला तर तो मेला की दुसऱ्या वस्तीत नवं नाव घेऊन गेला, हेच आधी ठरवावं लागतं. शेरलॉक होम्सच्या वीस वर्षं आधी हे चाललं होतं, आणि तरी शंभर वर्षं तिचं खरं नाव फारसं कोणाला माहीत नव्हतं. गुन्हेकथेच्या इतिहासात लंडन आणि पॅरिसला जी जागा मिळाली, तिचा लहानसा वाटा तरी या तंबूंना मिळायला हवा होता.

होम्स स्वतः खाणींच्या मुलखात जात नाही, पण त्याची शेवटची कादंबरी जाते. १९१४-१५ मध्ये ‘स्ट्रँड’मधून क्रमशः आलेल्या ‘द व्हॅली ऑफ फिअर’चा उत्तरार्ध १८७५ मधल्या एका अमेरिकन कोळसा-खोऱ्यात घडतो. तिथे खुनी टोळीची दहशत आहे, मॅकमर्डो नावाचा एक तरुण टोळीत शिरतो, आणि शेवटी कळतं की तोच पिंकर्टन कंपनीचा गुप्तहेर. कलाटणी झकास आहे, आजही काम करते. पण तिच्यामागे पेनसिल्व्हेनियातलं मॉली मॅग्वायर प्रकरण आहे, आणि तिथेच कॉनन डॉयल फसला. रीडिंग रेल्वेचा अध्यक्ष फ्रँकलिन गोवेन याने आयरिश खाणमजुरांत पेरण्यासाठी पिंकर्टनचा माणूस, जेम्स मॅकपार्लंड, भाड्याने घेतला. मग खटल्यात हाच गोवेन सरकारी बाजूने वकील म्हणून उभा राहिला. मॅकपार्लंडच्या साक्षीचा त्यात मोठा वाटा होता. १८७७ ते १८७९ दरम्यान वीस जण फासावर गेले, त्यांतले दहा एकाच दिवशी, २१ जून १८७७ ला. खाणमालक, पोलीस, हेर आणि वकील एकाच तिजोरीतून पगार घेणारे, अशी ती व्यवस्था होती. मारेकरी त्या खोऱ्यात नव्हते असं नाही. खून खरोखर पडत होते. पण कोणी कोणता खून केला हे ठरवण्याची रीत अशी होती की शंभर वर्षांनी, १९७९ मध्ये, राज्याच्या गव्हर्नरने फाशी गेलेल्या जॅक किहोला मरणोत्तर माफी दिली. डॉयलने हेराचा शब्द प्रमाण मानला आणि त्यावर कादंबरी रचली. ती गुंगवते, परंतु जो प्रश्न विचारायला हवा होता, साक्षीदार कोणाचा पगारी आहे, तो होम्ससारख्या माणसालाही सुचत नाही.

डॅशिएल हॅमेटला तो सुचला, कारण तो स्वतः पिंकर्टनचा नोकर होता. १९२९ ची ‘रेड हार्व्हेस्ट’ ऐतिहासिक नाही, तिच्या काळातलीच आहे, म्हणून इथे ओझरताच उल्लेख पुरे. माँटॅनातल्या ब्यूट या तांब्याच्या गावाची छाया असलेल्या शहरात म्हातारा खाणमालक संप मोडायला गुंड आणतो, संप मोडतो, गुंड जात नाहीत. हॅमेटचा बिननावाचा गुप्तहेर पहिल्या खुनाचा उलगडा पुस्तकाच्या पहिल्या भागातच करून मोकळा होतो, आणि मग लक्षात येतं की त्या उलगड्याने काहीही सुटलेलं नाही. पुढचं सगळं पुस्तक त्या निष्फळतेवर उभं आहे. रहस्यकथेच्या घाटाला खाणगावाने दिलेला हा पहिला जाणीवपूर्वक तडा.

या सगळ्याचा पूर्ण हिशेब मांडणारं पुस्तक मात्र २०१३ मध्ये आलं. न्यूझीलंडच्या एलिनॉर कॅटन हिची ‘द ल्युमिनरीज’, आठशेहून अधिक पानांची. तिला त्या वर्षीचं बुकर मिळालं तेव्हा लेखिका अठ्ठावीस वर्षांची होती, बुकरच्या इतिहासातली सर्वांत लहान. जागा होकिटिका, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा पश्चिम किनारा, काळ १८६५-६६. २७ जानेवारी १८६६ च्या वादळी रात्री वॉल्टर मूडी नावाचा तरुण क्राउन हॉटेलच्या धूम्रपानाच्या खोलीत शिरतो आणि तिथे गुप्तपणे जमलेले बारा पुरुष दचकतात. दोन आठवड्यांपूर्वी एकाच रात्रीत तीन गोष्टी घडल्या आहेत: क्रॉस्बी वेल्स नावाचा एकांडा माणूस आपल्या झोपडीत मेलेला सापडला, एमरी स्टेन्स हा श्रीमंत तरुण बेपत्ता झाला, आणि अ‍ॅना वेदरेल ही वेश्या अफूच्या अमलात रस्त्यावर बेशुद्ध पडलेली आढळली. बारा जणांपैकी प्रत्येकाचा या प्रकरणाशी कुठेतरी संबंध आहे, आणि प्रत्येकाला फक्त आपला तुकडा माहीत आहे. त्यांच्यात बँकेचा माणूस आहे, दलाल आहे, औषधवाला आहे, वर्तमानपत्राचा संपादक आहे, कोर्टाचा कारकून आहे, दोन चिनी आहेत, एक माओरी आहे. दुसऱ्या शब्दांत, नोंद ठेवणारे आणि ज्यांची नोंद कोणी ठेवत नाही असे, दोन्ही एका खोलीत.

कॅटनची करामत अशी की तिने खुनाच्या मागावर जाण्याऐवजी सोन्याचा माग काढला. वेल्सच्या झोपडीत चार हजार पौंडांहून जास्त किमतीचं सोनं सापडतं. त्याच्यावर ‘अरोरा’ या क्लेमचा, म्हणजे खाणकामासाठी नावावर केलेल्या जमिनीच्या तुकड्याचा, शिक्का आहे. क्लेम स्टेन्सचा, तेव्हा सोनं स्टेन्सचं, असं कोणीही म्हणेल. पण अरोरा वांझ क्लेम आहे, तिथे धुळीखेरीज काही निघत नाही. हे सोनं मुळात कुठल्याशा दुसऱ्या नदीतलं, चोरीला गेलेलं, बायकांच्या पेहरावांच्या शिवणीत दडवून गावोगाव फिरलेलं. ते पेहराव जहाजफुटीनंतर अ‍ॅनाच्या अंगावर आले, आणि तिला पत्ता नाही की आपण काय लेवून हिंडतो आहोत. क्वी लाँग या चिनी मजुराला शिवणीतलं सोनं सापडतं. तो कराराने अरोराशी बांधलेला, क्लेममधून काही निघाल्याशिवाय त्याची सुटका नाही. म्हणून तो ते सोनं काढतो, वितळवतो, आणि त्यावर स्वतःच्या हाताने अरोराचा शिक्का मारतो. हा शिक्का खोटा आहे, आणि कादंबरीतला सर्वांत प्रामाणिक माणूस तो मारतो. क्वीला वाटतं सोनं बँकेत आपल्या नावे जमा होईल. ते तिथवर पोचतच नाही. एका खोट्या शिक्क्यात इथे मजुरीचा करार, बँकेची नोंदपद्धत आणि धातूची वितळून नवी होण्याची शक्ती, तिन्ही एकत्र येतात. क्लेमचं खातं कसं चालतं हे कळल्याशिवाय ही कादंबरी कळत नाही, आणि खाणगावावरच्या कादंबरीची खरी परीक्षा माझ्या मते तीच.

तशीच गोष्ट बक्षीसपत्राची. वेल्सच्या शेगडीत एक अर्धवट जळालेला कागद मिळतो: एमरी स्टेन्सने अ‍ॅना वेदरेलला दोन हजार पौंड बक्षीस दिले आहेत, साक्षीदार क्रॉस्बी वेल्स. वेल्सची सही आहे, स्टेन्सची नाही. ज्याने द्यायचं त्याची सही नाही, साक्षीदार मेलेला, आणि जिला मिळायचं ती धंदा करणारी बाई, कोर्टात तिचा शब्द कवडीमोलाचा. सातबाऱ्यावर नाव चढवण्यासाठी तलाठ्याच्या दारात उभ्या राहिलेल्या कोणालाही या कागदातला ताण समजावून सांगावा लागणार नाही. मृताची मालमत्ता विकली जाते, दलाल आपली दहा टक्के दलाली घेतो, तुरुंगाधिकारी ती दलाली नव्या तुरुंगाच्या बांधकामासाठी पिळून काढतो, आणि मग कोणाला ठाऊक नसलेली विधवा बोटीतून उतरून हक्क सांगते. खुनाची चौकशी म्हणून जे चाललं आहे ते प्रत्यक्षात वारसाहक्काचं भांडण आहे. ज्यांना शेवट आधी कळू नये असं वाटतं त्यांनी इथून पुढची चार वाक्यं सोडून द्यावीत. सगळ्या कारस्थानाचा सूत्रधार कार्व्हर कोर्टातून तुरुंगाकडे नेताना बंद गाडीत ठेचून मारला जातो. हे कोणी केलं याचा वाचकाला अंदाज येतो, तो वेल्सचा मित्र ते राउ ताउफारे. कोर्टाच्या दप्तरात मात्र नाव चढत नाही. आणि बारांतला दुसरा चिनी सुक योंगशेंग, ज्याच्या आयुष्याची वाताहत कार्व्हरने कँटनपासून केली, तो तुरुंगाधिकाऱ्याच्या गोळीने मरतो, पण त्याच्यासाठी असा बाराजणांचा दरबार भरत नाही.

बारा जणांतला माओरी, ताउफारे, याचं तिथे असणं नुसतं रंगभरणीसाठी नाही. होकिटिकाजवळच्या अराहुरा नदीत पोउनामू हा हिरवा दगड मिळतो, माओरींना तो सोन्याहून मोलाचा. १८६० मध्ये ब्रिटिश सरकारने पश्चिम किनाऱ्याची सुमारे पंचाहत्तर लाख एकर जमीन न्गाई ताहू या माओरी जमातीकडून तीनशे पौंडांना घेतली, चारच वर्षांत तिथे सोन्यासाठी झुंबड उडाली. एका मृत माणसाच्या झोपडीतल्या चार हजार पौंडांवर बारा माणसं आठशे पानं खल करतात, आणि सगळा किनारा त्याच्या तेराव्या हिश्श्याहून कमी किमतीला गेलेला. कॅटन हे भाषण करून सांगत नाही. आकडे पुस्तकात आणि इतिहासात शेजारी शेजारी पडलेले आहेत, जोडायचे ते वाचकाने. (पोउनामूची मालकी न्गाई ताहूंकडे परत गेली ती १९९७ मध्ये, कायदा करून.)

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो हलका नाही. साक्षीचा अधिकार, जमिनीचा मूळ मालक, चिनी मजुराची बाजू, ही सगळी आजची काळजी आहे, आजच्या लेखकांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या गळ्यात मारली आहे, असं म्हणतात. काही कादंबऱ्यांबाबत हे खरंच आहे. त्यांत १८६० सालची नायिका आजच्या चर्चासत्रातून उठून आल्यासारखी बोलते, आणि वाईट माणसं तेवढी वंशद्वेषी असतात. परंतु प्रश्नच आयात केलेला आहे, हे पुराव्यापुढे टिकत नाही. चिन्यांची साक्ष चालते की नाही यावर १८५४ चं सर्वोच्च न्यायालय निकाल देतं. दंडाधिकारी आरोपीचा मित्र आहे म्हणून दहा दिवसांत हजारो माणसं रस्त्यावर येतात. डेडवुड कोणाच्या जमिनीवर आहे हे फाशीच्या खटल्यात सरकारच सांगतं. होकिटिकाच्या अगदी शेजारचं उदाहरण तर १८६६ चंच आहे. बर्जेस, केली, लेव्ही आणि सलिव्हन या टोळीने जूनमध्ये नेल्सनकडच्या माउंगाटापूच्या डोंगरवाटेवर पाच जणांना मारलं. सलिव्हन माफीचा साक्षीदार झाला आणि वाचला. बर्जेसने तुरुंगात लांबलचक कबुलीजबाब लिहून सांगितलं की खून मी आणि सलिव्हनने केले, बाकी दोघांनी नाही. कोर्टाने माफीच्या साक्षीदाराचं मानलं, तिघांना ५ ऑक्टोबरला फाशी दिली. लेव्ही शेवटपर्यंत निर्दोष असल्याचं सांगत राहिला. तो खरं बोलत होता का हे सोडून देऊ. मुद्दा एवढाच, की दोन खुन्यांपैकी कोणाचा शब्द घ्यायचा हा वाद त्या काळच्या लोकांनी त्याच काळात घातला. मार्क ट्वेनला त्या कबुलीजबाबाचं इतकं अप्रूप वाटलं की तीस वर्षांनी त्याने तो आपल्या प्रवासवर्णनात घेतला.

दुसरा आक्षेप वाचनसुखाचा, आणि इथे मला थोडी माघार घ्यावी लागते. खातेवह्या, दस्त, दलाली हे सगळं वाचायला माणूस रहस्यकथा उचलतो का? ‘द ल्युमिनरीज’चे बारा भाग आहेत आणि प्रत्येक भाग आधीच्याच्या साधारण निम्मा होत जातो, पहिला साडेतीनशे पानांच्या घरात, शेवटचे काही मूठभर ओळींचे. बारा पुरुषांना बारा राशी, आणखी सातांना ग्रह, प्रत्येक भागाच्या आधी त्या तारखेची आकाशकुंडली. पत्रिका पाहण्यात हयात गेलेल्या आपल्या समाजाला हे मजेशीर वाटावं, पण कुंडलीने कथेच्या आकलनात नेमकी काय भर पडते हे पुस्तक संपल्यावरही सांगता येत नाही. शेवटचे भाग इतके आखूड होतात की अ‍ॅना आणि स्टेन्सचं प्रेम, ज्यावर सगळं येऊन थांबायचं, ते सूचनेपुरतं उरतं. लेखिकेनेच २०२० मध्ये दूरचित्रवाणीसाठी संहिता लिहिताना अ‍ॅनाला मध्यभागी आणलं, यातून ही उणीव तिलाही जाणवली असावी असं म्हणायला जागा आहे. पण आक्षेपाचा दुसरा भाग, कागदपत्रं म्हणजे रटाळ, हा मान्य करता येत नाही. अ‍ॅन पार्कर या अमेरिकन लेखिकेची २००३ मधली ‘सिल्व्हर लाइज’ पाहा. कुठलाही मोठा आव न आणणारी, मालिकेतली पहिली, सरळ रंजनासाठी लिहिलेली कादंबरी. लेडव्हिल, १८७९ चा डिसेंबर, गुत्ता चालवणारी नायिका. मेलेला माणूस कोण, तर धातूचा कस काढणारा. एवढ्या निवडीनेच अर्धी बाजी मारली आहे. खाणगावात कस काढणारा हा असा एकच माणूस, की ज्याच्या चिठ्ठीवर डोंगराची किंमत शून्य किंवा लाख ठरते, आणि ती चिठ्ठी खोटी असेल तर गावातला प्रत्येक व्यवहार खोटा. त्याच्या जागी सरदार किंवा जमीनदार मारला असता तर तीच कथा कुठल्याही गावात चालली असती. याच प्रकारच्या पुष्कळ मालिकांत नेमकं तेच होतं. खाण लांब डोंगरात कुठेतरी असते, खून प्रेमप्रकरणातून झालेला असतो, आणि सोन्याचं काम फक्त मुखपृष्ठावर चमकण्याचं.

तरीही या प्रकाराची एक मर्यादा चांगल्यातल्या चांगल्या लेखकालाही ओलांडता आलेली नाही. रहस्य सोडवायचं म्हणजे कोणीतरी नोंदी जुळवायच्या, आणि नोंदी ज्यांनी ठेवल्या त्यांच्याच बाजूने झुकलेल्या. ‘द ल्युमिनरीज’मधल्या दोन चिन्यांना त्यांचे अध्याय मिळतात, त्यांची कँटनपासूनची कहाणी मिळते, पण तुकडे एकत्र करून न्यायालयात मांडतो तो मूडीच, इंग्रज, कायदा शिकलेला. दुसरी वाट आहे ती कठीण: उलगडा वाचकाला द्यायचा आणि कोर्टाला द्यायचा नाही. कार्व्हरच्या मृत्यूबाबत कॅटनने तेच केलं, आणि माझ्या मते सगळ्या पुस्तकात ती जागा सर्वांत धाडसाची.

मराठी वाचकाला या गावांकडे पाहताना एक अडचण येते आणि एक सोय आहे. अडचण अशी, की आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरी म्हणजे बहुतकरून दरबार, गड आणि लढाई, आणि रहस्यकथा म्हणजे बाबूराव अर्णाळकरांपासून चालत आलेली, शहरात घडणारी झटपट गोष्ट. दोघींची गाठ क्वचितच पडली. सोय अशी, की जमिनीचे दस्त, वारसनोंदी, बेनामी खरेदी आणि कोर्टातली तारीख-पे-तारीख यांचं बाळकडू आपल्याइतकं फार थोड्या वाचकांना मिळालेलं असतं. भंडारा-नागपूरच्या मँगनीज खाणी, चंद्रपूर-वणीचा कोळसा, डिचोली-सांग्याचं लोहखनिज, इथेही कोणीतरी पहिला दाखला मिळवला आणि कोणीतरी तिथून उठला. त्या नोंदी रहस्यकथेच्या नजरेने वाचायचं काम अजून शिल्लक आहे. तूर्त इंग्रजीतलं वाचायचं असेल तर क्रम असा ठेवावा: आधी ‘द व्हॅली ऑफ फिअर’, तिच्यानंतर लगेच मॉली मॅग्वायर खटल्याचा कुठलाही बरा इतिहास, आणि मग ‘द ल्युमिनरीज’. शेवटची वाचताना आकाशकुंडल्या खुशाल उलटून पुढे जावं, पण सोनं कोणाच्या हातून कोणाकडे गेलं याचं टिपण कागदावर करत राहावं. त्या टिपणाशिवाय साडेतीनशे पानांचा पहिला भाग पार होत नाही.